साडेतीन ओबो

पहाटे ५:१०

जानेवारीत मांडूला रजईतून बाहेर यायचं म्हणजे दोनदा विचार करावा लागतो. मी तिसऱ्यांदाही करतो, कारण रजईत मी एकटा नसतो. पायाशी पेटीसकट माझा ओबो असतो. बायको होती तेव्हा म्हणायची, या घरात पांघरूण आधी सवतीला मिळतं.

हे लाड नाहीत, भीती आहे. ओबो आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाचा असतो, टांझानिया-मोझांबिककडच्या. रात्रभर गारठलेल्या लाकडात गरम फुंकर गेली की नळी आतून फुगते, बाहेरून आखडलेलीच राहते, आणि वरच्या सांध्यावर, बारीक भोकांच्या रांगेत, केसाएवढी चीर पडते. नोकरीत असताना डोंगरातल्या एका पोस्टिंगवर परेडला उशीर होईल म्हणून घाई केली आणि माझ्याच हातून एक नवाकोरा ओबो असा फुटला. आवाजसुद्धा झाला नाही. फक्त खालचे सूर बोलेनासे झाले.

बावीस वर्षं फौजेच्या बँडात काढली. शिकलो पचमढीला, तिथल्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये 1950 पासून फौजेचे वाजवणारे घडतात. घरात सनई होती. पणजोबा धारच्या पवार सरकारच्या चौघड्यात होते, आजोबांनी लग्नांतून वाजवली, वडिलांनी सोडून दिली. पचमढीच्या मास्तरांनी माझे ओठ बघितले, घराण्याची चौकशी केली आणि दुहेरी पत्तीचं वाद्य, म्हणजे ओबो, हातात ठेवलं. निवृत्त झालो तेव्हापासून घर धारला, पण लग्नसराईत मांडूला खोली घेऊन राहतो. संध्याकाळी सनई, दिवसा जो येईल त्याला ओबोबद्दल सल्ला. सल्ल्याचे पैसे घेत नाही. घेतले असते तर लोकांनी ऐकला असता.

आज देवासहून एक कुटुंब येतंय. मुलगी तेरा वर्षांची. त्यांच्यासाठी दोन ओबो खोलीत आणून ठेवलेत, एक ते स्वतः आणणार आहेत.

सकाळी ६:४०

दाईच्या महालाजवळ इको पॉइंट आहे. पर्यटक दहानंतर येतात आणि एकमेकांची नावं ओरडतात. त्याआधी जागा माझी. फोटोच्या रोलची जुनी डबी, तिच्यात बोटभर पाणी, पाण्यात पत्ती. दोन-तीन मिनिटं पुरे. जास्त भिजली तर फुगून बसते. ओबो तोवर शालीच्या आत, काखेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं म्हातारा थर्मामीटर लावून बसलाय.

आधी पत्ती एकटीच फुंकून बघतो. ती कावळ्यासारखी ओरडली पाहिजे, आणि त्या ओरडण्यातही सूर पाहिजे. मग ओबोला लावून एक लांब ‘ए’. पाश्चात्त्य वाद्यवृंदात सगळे ज्या सुरावर आपापलं वाद्य मिळवतात तो हा सूर. सेकंदाला 440 कंपनं, युरोपात एक-दोन जास्त. आम्ही सूर देतो म्हणजे आम्ही फार सुरेल असतो असं नाही. आमचा सूर टोकदार असतो, शंभर जणांच्या गोंगाटातून कानापर्यंत पोचतो, एवढंच. दरी तो सूर परत पाठवते. आपण बेसूर असलो तर तेही दुसऱ्यांदा ऐकवते.

सनईवाल्याला ही कटकट नाही. भोक जरा चढं लागलं तर मेणाचा ठिपका लावायचा, उतरं लागलं तर नखाने काढायचा. ओबोवर मेण चालत नाही. तिथे चाव्यांचं जाळं असतं, दांड्या, स्प्रिंगा, पॅड, आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान स्क्रू. एक पाव फेरा फिरला की तीन सूर बिघडतात.

तरी नातं सख्खं आहे. इराणी सुर्ना, तुर्की झुर्ना, आपली सनई, सगळ्यांचं पोट एकच: निमुळती लाकडी नळी आणि तोंडाशी थरथरणाऱ्या दोन पत्त्या. 1617 साली जहांगीर बादशहा काही महिने मांडूत तळ ठोकून होता, इंग्रजांचा वकील टॉमस रो त्याच्या मागे होता. बादशाही मुक्काम म्हणजे नौबत आलीच, नौबतीत सुर्ना आला. ओबो तेव्हा जन्मालाही आला नव्हता. फ्रान्सच्या दरबारात तो दिसू लागला त्याच शतकाच्या उत्तरार्धात. मोठी बहीण कोण, हे मी पचमढीला कधी मोठ्याने म्हटलं नाही.

सकाळी ८:२०

चौकात पोहे-जलेबी. माळव्यात चार पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाची ओळख म्हणजे पोह्यांवर शेव आणि शेजारी जलेबी असली तरी त्याला काही खटकत नाही.

महूहून एका पोराचा फोन. चार वर्षं ओबो वाजवतोय, हात चांगला आहे. आता त्याला पॅरिसचा लोरे हवाय. 1881 पासूनची कंपनी, नाव मोठं, आणि आठ-दहा लाखांचा मामला. कर्ज काढतो म्हणाला.

“पत्ती कोण बांधतं तुझी?”

“मागवतो ना काका.”

“मग लोरेही मागव. वाजवायला माणूसही मागव.”

गप्प झाला. मग विचारलं, ऑटोमॅटिक ऑक्टेव्ह घ्यावा की सेमी? ऑटोमॅटिकमध्ये वरच्या सप्तकाची झडप आपोआप बदलते, बोट कमी हलतं. पण जितकं आपोआप तितके स्क्रू जास्त, आणि आपल्या भागात स्क्रू बघणारा मी एकटा, तोही चष्मा लावून. सेमी घे म्हटलं; जगात तोच जास्त चालतो, विकायला काढलास तर गिऱ्हाईकही मिळेल. आणि घेशील तो मधल्या दर्जाचा, तिसऱ्या ऑक्टेव्हच्या चावीसकट. लोरे पत्ती बांधायला लागल्यावर.

बोलणं चालू असताना पोहे गार झाले.

सकाळी १०:२५

देवासची गाडी आली. वडील बँक नोट प्रेसमध्ये, आई शाळेत शिकवते, मुलगी दोघांच्या मध्ये उभी, हातात लांबट काळी पेटी. शाळेत दोन वर्षं रेकॉर्डर, वर्षभर क्लॅरिनेट. मग कुठेतरी तिने एनिओ मॉरिकोनेची ‘द मिशन’ या 1986 च्या चित्रपटातली ओबोची धून ऐकली आणि क्लॅरिनेट कपाटात गेलं. त्या एका धुनेने जगभरच्या आईबापांना किती खर्चात पाडलंय याचा हिशेब कोणीतरी ठेवायला हवा. आठवड्यातून एकदा परदेशातल्या एका शिक्षिकेकडे ती ऑनलाइन शिकते.

“काका, बजेट दीड लाख धरलंय,” वडील म्हणाले. जन्मभर नोटांच्या थप्प्या बघणारा माणूस, पण स्वतःचे दीड लाख म्हणताना आवाज उतरला होता. असल्या माणसाशी मला खोटं बोलता येत नाही.

वाद्य बाजूला ठेवून मी आधी मुलीचे हात बघितले. ओबोचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर येतो, साधारण सहा-सातशे ग्रॅम. ऐकायला काही नाही. अर्धा तास धरला की कळतं. तिची बोटं लांब होती, करंगळी तेवढी आखूड. हिच्याहून लहान मूल असतं तर लंडनच्या हॉवर्थसारखा कमी चाव्यांचा, हलका, मुलांसाठीचा ओबो सुचवला असता. हिला पूर्ण मापाचा चालेल. दातांना तारा नाहीत, हे बरं. ओबोत ओठ दातांवर आत दुमडावे लागतात; तारा असत्या तर वर्षभर थांबा म्हटलं असतं.

“किती वाजवतेस रोज?”

“तासभर, आजोबा.”

आईने तिच्याकडे बघितलं.

“पाऊण तास,” मुलगी म्हणाली.

सकाळी ११:००

पहिला, म्हणजे अर्धा. त्यांच्या पेटीतला. दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन घेतलेला, अडतीस हजारांना. पेटी मखमली, हातमोजे फुकट, चाव्या आरशासारख्या.

मी पत्ती काढली, वरच्या सांध्याच्या सगळ्या चाव्या दाबून धरल्या, खालचं तोंड तळहाताने बंद केलं आणि हवा ओढली. नळी चांगली असेल तर ओठाला चिकटून बसते, सोडवताना टप्प असा आवाज होतो. ही चहा गाळल्यासारखी हवा सोडत होती. मग सिगारेटचा कागद. बिडी-सिगारेट सुटून वीस वर्षं झाली, पण कागदाचं पुडकं अजून खिशात असतं. कागदाची पट्टी पॅडखाली सरकवायची, चावी हलकी दाबायची, पट्टी ओढायची. अडकायला हवी. अकरा पॅडांपैकी चारांखालून ती ताटाखालच्या पेपरासारखी निसटली.

“तू बघ,” म्हणून मी पट्टी मुलीला दिली. तिने सगळे पॅड एकेक करून तपासले, मोठ्याने मोजत. वडील खिडकीबाहेर बघायला लागले.

मग डाव्या करंगळीची चावी जरा जोरात दाबली. वाकली. परत सरळ केली, सरळ झाली. तेच वाईट. चावी वाकून पुन्हा सरळ होत असेल तर धातू मऊ आहे, आणि मऊ धातूचं वाद्य आज जुळवलं तर उद्या पुन्हा बिघडतं. वाजवून बघितलं तर मधला ‘एफ’ नाकात बोलत होता आणि सगळ्यात खालचा ‘बी-फ्लॅट’ बोलतच नव्हता. मुलीला दोन महिने वाटत होतं की चूक तिची आहे. या वाद्यांवर माझा राग आहे तो यासाठी. पैसे परत मिळवता येतात, पण आपल्याला जमत नाही हे एकदा पोराच्या मनात बसलं की ते काढायला कोणी येत नाही.

परतीची मुदत संपली होती. दुकान कुठलं ते मी विचारलं नाही.

दुपारी १२:००

दुसरा. नवा, जपानी, राळेचा. मुंबईहून मागवला, दोन लाख साठ हजार.

“म्हणजे प्लास्टिकच ना?” आईने विचारलं. प्लास्टिक शब्दाला आपल्याकडे बादलीचा वास आहे. मी सांगितलं, अमेरिकेतल्या इंडियानातली फॉक्स कंपनी व्यावसायिक वादकांसाठीही राळेचे ओबो बनवते. फ्रान्सची बुफे काळ्या लाकडाचाच भुगा राळेत दाबून नळी घडवते, मग ती तडकत नाही. त्या म्हणाल्या, “बरं,” पण तो बरं आपण पाहुण्यांना म्हणतो तसला होता.

इथे काय बघायचं ते मुलीला दाखवलं. डाव्या हाताची ‘एफ’ चावी आहे ना? हवीच. ती नसली की काही जागी बोट घसरवत सूर गाठावा लागतो, आणि तेराव्या वर्षी पडलेली घसरणीची सवय तिसाव्या वर्षी जात नाही. खालच्या ‘बी-फ्लॅट’ची चावी आहे? आहे. तिसरा ऑक्टेव्ह नाही? नसू दे, दोन-तीन वर्षं तिथवर जायचंच नाही. मग सुरांचं यंत्र समोर ठेवून एकेक सूर, हळू, पोटातून. मधल्या ‘सी’पाशी काटा किंचित वर गेला, ‘डी’ नीट बसला. खालचे सूर हळू आवाजातही बोलले, आणि मला त्यातच रस असतो. मोठ्याने तर सायकलचा भोंगाही वाजतो.

आवाज कसा? स्वच्छ. नव्या घराच्या भिंतीसारखा.

दुपारी १२:४५

तिसरा मी शेवटी काढला, आणि काढायला नको होता.

पचमढीच्या एका जुन्या सोबत्याचा. पॅरिसचा, तीस वर्षांचा, काळ्या लाकडाचा. त्याचे दात गेले, वाद्य विकायचंय. दोन लाख चाळीस हजार म्हणतोय. मुलीने फुंकला आणि खोलीत कोणी काही बोललं नाही. मॉरिकोनेची धून तिला अर्धीच येत होती, ती अर्धी तिने दोनदा वाजवली. राळेचा वाजला होता. हा गात होता. वडिलांनी खिशातून हात काढला. आईने डोळ्यांनीच विचारलं: वीस हजार स्वस्तही आहे?

मी मोबाइलची बॅटरी लावून नळीच्या आत दाखवलं. वरच्या सांध्यावर दुरुस्त केलेली चीर, आडव्या पिना घालून शिवलेली. ती दोष नव्हे. जुन्या लाकडी ओबोत अशी शिवण सर्रास असते आणि नीट शिवलेली असेल तर आवाजात कळत नाही. काळजी निराळी होती.

देवास म्हटलं की मला कुमार गंधर्व आठवतात. 1948 साली क्षयावरच्या उपचारांसाठी, हवा कोरडी म्हणून, ते तिथे राहायला गेले आणि मग 1992 पर्यंत तिथलेच झाले. ज्या हवेने कुमारजींना तारलं ती हवा या लाकडाला मारते. मे महिन्यात देवासचं घर, वर कूलर, कूलरच्या झोतात ओबो. जुलैत दमट पाऊस. डिसेंबरात पुन्हा सुकी थंडी. लाकूड वर्षात तीनदा कपडे बदलणार. पेटीत ओलावा देणारी पुडी ठेवावी लागते, वाजवून झाल्यावर रुमाल ओढून नळी पुसावी लागते, गारठ्यात काखेत धरावं लागतं. तेरा वर्षांची मुलगी हे महिनाभर करेल. मग एक दिवस शाळेला उशीर होईल.

“लाकडी नको,” मी म्हटलं.

मुलीने ओबो खाली ठेवला नाही. मीही लगेच मागितला नाही.

दुपारी २:००

दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे पानिये पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले, वर तूप. जेवताना वडिलांनी कागद काढला. हिशेबी माणूस कागदाशिवाय जेवत नाही.

मी म्हटलं, वाद्याची किंमत खाली लिहा. वर पत्ती लिहा. ओबोची पत्ती दहा-पंधरा-वीस तास वाजते, मग मरते. शिकाऊ मुलगी महिन्याला दोन मारणार. हाताने बांधलेली बरी पत्ती परदेशातून दीड-दोन हजारांना पडते. चोवीस पत्त्या म्हणजे वर्षाचे चाळीस हजारांच्या आसपास. तीन वर्षांत एक लाख वीस. त्यांनी आकडा लिहिला, खोडला, पुन्हा तोच लिहिला.

“हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.”

“विकणारा वाद्य विकतो. पत्ती त्याच्या दुकानात नसते.”

शिवाय वर्षातून एकदा जुळवणी. ते मी करीन, मी आहे तोवर.

मग तो विषय निघालाच. मराठी घरात महागाची वस्तू घ्यायची म्हटलं की जेवताना अमेरिकेतला भाचा ताटात येतो. भाचा उन्हाळ्यात येणार आहे, तिकडून लाकडीच आणू का, स्वस्त पडेल? मी म्हटलं, आणताना कस्टमला दाखवायचा, लपवायचा नाही, आणि जो कर लागेल तो भरायचा. पूर्वी लाकडाचीही कटकट होती. ओबोचं काळं लाकूड आणि आपला शिसव एकाच कुळीतले, डालबर्जिया. तस्करी वाढली म्हणून 2017 पासून या कुळीवर आंतरराष्ट्रीय परवान्याचं बंधन आलं, आणि जगभरच्या वादकांची सीमांवर पंचाईत व्हायला लागली. 2019 च्या जिनिव्हातल्या बैठकीनंतर तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे कागदांचं भूत गेलंय. पण भाचा वाद्य आणेल, ते जुळवणारा माणूस सामानात आणणार नाही. स्क्रू ढिला झाला की भाच्याला व्हिडिओ कॉल लावणार का?

बाहेर चौकात बाई मांडूची इमली विकत होती. तीही आफ्रिकेचीच, गोरखचिंच, कोणा व्यापाऱ्याबरोबर कधीतरी इथे आली आणि दगड फोडून उभी राहिली. आईने दोन फळं घेतली. एवढं एक आफ्रिकन लाकूड माळव्याच्या हवेला पुरून उरलंय.

दुपारी ३:१५

मुलीला बसवून पत्ती बांधली. आईवडील रूपमतीच्या मंडपाकडे गेले, तिथून नर्मदा दिसते का बघायला. स्वच्छ दिवस असला तर दिसते; नसला तर गाइड दाखवतो.

कांडं फ्रान्सच्या दक्षिणेचं, बोरूसारखं पोकळ, बाहेरून दहा मिलिमीटरच्या जरा वर. त्याची उभी फाक कोरून कोरून मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड ठेवायची, भिजवायची, साच्यावर कापायची, मधोमध मोडून दुमडायची. मग बुडाला बूच असलेल्या सत्तेचाळीस मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर ती दोऱ्याने बांधायची. दोरा दातात धरून ओढायचा, तेरा-चौदा वेढे, वेढ्यावर वेढा चढता कामा नये. मुलगी श्वास धरून बघत होती. मी म्हटलं, श्वास वाजवताना धर, आता घे.

मग सुरी. टोकावरचं लाकूड खरवडत जायचं, उजेडावर धरून बघायचं. पापुद्रा निघतो तो मिठाच्या कणाएवढा. दोन पत्त्यांमध्ये जिभेसारखा पातळ पत्रा सरकवलेला असतो, नाहीतर सुरी आरपार जाते. आमच्या घरी सनईच्या पत्तीला जिव्हाळी म्हणत, आणि आजोबा ती खरवडताना कोणी हाक मारली तर ओ देत नसत. मीही देत नाही. दोन खरवडी जास्त झाल्या तर पत्ती हलकी आणि उतरी होते, आणि काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. चाळीस वर्षांत हे मी किती वेळा केलंय ते विचारू नये. आजही तेच झालं. पहिली पत्ती टोकाशी फाटली.

“वाया गेली?” तिने विचारलं.

“हो.”

“मग?”

“मग दुसरी.”

दुसरी बोलली. ती राळेच्या ओबोला लावून तिने वाजवलं, आणि नव्या घराच्या भिंतीला पहिल्यांदा थोडा रंग लागल्यासारखं झालं. तिने वाद्याकडे बघितलं, मग पत्तीकडे. मी काहीच बोललो नाही. सकाळच्या सगळ्या बोलण्यात जे सांगायचं होतं ते त्या पावणेतीन इंचांत होतं.

वाजवताना ती मध्येच लाल व्हायला लागली. ओबोत हवा कमी पडते असं सगळ्यांना वाटतं. खरं उलटं आहे. फट इतकी बारीक की छातीतली हवा संपतच नाही, शिळी होऊन बसते. आधी ती बाहेर टाकायची, मगच नवी घ्यायची. सनईत आम्ही गालात हवा साठवून नाकाने घेत राहतो, सूर तुटतच नाही. तिने सनई मागितली. दिली. पहिल्या फुंकेला गायीचा हंबर, दुसरीला सूर. ओबोवर दोन महिने न निघालेला आवाज सनईवर दोन फुंकांत निघाला आणि ती खदखदून हसली. सनई काही हजारांत मिळते, हे मी तिच्या आईसमोर बोलणार नव्हतो.

दुपारी ४:४०

नर्मदा दिसली म्हणे, पांढरी रेघ. जाताना वडिलांनी तिन्ही पेट्या ओळीने ठेवून बघितल्या. ठरवतो म्हणाले. मुलीने लाकडी ओबोची पेटी एकदा उघडली आणि बंद केली. अर्धा ओबो माझ्याकडे ठेवून जायला सांगितलं. चाव्या काढून पोरांना जोडणी शिकवायला तो उत्तम आहे.

संध्याकाळी ६:३०

हॉटेलच्या हिरवळीवर लग्न, इंदूरची पार्टी. मी, सूर धरणारा, आणि एक नगारा. वऱ्हाड यायच्या आधी पूरिया, वरमाळेला भूप. पाच मिनिटांनी डीजे सुरू झाला. वर्षानुवर्षं हेच होतं आणि दरवेळी मी आधी वाजवणं थांबवतो आणि नंतर रागावतो. सूरवाला मात्र थांबत नाही, त्याला ऐकूच येत नाही.

रात्री १०:५०

सनई पुसली, ओबोतून रुमाल ओढला, पेटी रजईच्या पायथ्याशी. पचमढीच्या सोबत्याला फोन केला, लाकडी विकला गेला नाही म्हणून. तो म्हणाला, बरं झालं. मग बराच वेळ आम्ही दोघेही फोनवर होतो आणि कोणी बोलत नव्हतं.

अकराच्या सुमारास देवासहून मेसेज. राळेचा घेतोय. पी.एफ.मधून थोडे काढतो. पत्त्या किती मागवू?

सहा, असं मी लिहिलं. मग सकाळचं ते ‘पाऊण तास’ आठवलं, आणि ती हसली तेही. सहा खोडून दहा लिहिलं.